सर्व्हर कुठं ऐकतो आणि कुणाला आत घेतो

‘बाहेरून डेटाबेस कनेक्ट होत नाहीये? बाइंड-अ‍ॅड्रेसमध्ये चार शून्यं टाक, सर्व्हर रिस्टार्ट कर, झालं काम.’ सर्व्हरच्या कामात असलेल्या माणसाला हा सल्ला सतत ऐकावा लागतो. सल्ला देणारा जरा सावध असला तर म्हणतो, ‘शून्यं नको टाकूस, सगळ्या जगाला रान मोकळं होईल. ज्या शाखेतून कनेक्ट व्हायचंय, तिथला आयपी टाक.’ यातला पहिला सल्ला अर्धवट आहे. दुसरा ऐकायला शहाणा वाटतो, पण तो निखालस चुकीचा आहे. चिडचिड होते ती त्याचीच, कारण तो पाळला की डेटाबेस बाहेरून चालू होणं राहिलं बाजूला, आतूनही बंद पडतो.

गैरसमज: बाइंड-अ‍ॅड्रेस म्हणजे कुणाकुणाला जोडू द्यायचं, त्यांची यादी.

वस्तुस्थिती: मायएसक्यूएलमधलं बाइंड-अ‍ॅड्रेस आणि पोस्टग्रेसमधलं लिसन-अ‍ॅड्रेसेस ही एकाच कामाची दोन नावं. या ओळीत बाहेरून येणाऱ्याचा पत्ता लिहायचा नसतो. ज्या मशीनवर डेटाबेस चालतो, त्या मशीनचा स्वतःचा पत्ता लिहायचा असतो. एकाच मशीनला अनेक पत्ते असतात. १२७.०.०.१ हा मशीनच्या आतल्या आत चालणारा. १९२.१६८.१.१० सारखा एखादा ऑफिसच्या नेटवर्कमधला. भाड्यानं घेतलेला क्लाउड सर्व्हर असेल, तर कधीकधी इंटरनेटवरून दिसणारा सार्वजनिक पत्ताही. यांपैकी कोणत्या पत्त्यावर आलेली हाक ऐकायची, एवढंच ही ओळ ठरवते. हाक कुणी मारली, याच्याशी तिला काडीचंही देणंघेणं नाही.

विश्वास बसत नसेल तर पोस्टग्रेसची अधिकृत माहितीपुस्तिका उघडा. लिसन-अ‍ॅड्रेसेस कोणत्या नेटवर्क इंटरफेसवर जोडणीचे प्रयत्न स्वीकारायचे ते ठरवतं, आणि कुणाला आत घ्यायचं याचं बारीक नियंत्रण क्लायंट-ओळखीच्या प्रकरणात आहे, असं तिथं स्वच्छ सांगितलं आहे.

आता त्या सावध सल्ल्यानुसार शाखेचा आयपी टाकला तर काय होतं ते पाहू. तो पत्ता या मशीनचा नसतोच. त्यामुळं ऑपरेटिंग सिस्टीम ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ म्हणून हात वर करते. मायएसक्यूएल सुरूच होत नाही. वर लॉगमध्ये प्रश्न येतो, ‘३३०६ पोर्टवर दुसरा मायएसक्यूएल चालू आहे का?’ मग माणूस नसलेल्या दुसऱ्या मायएसक्यूएलच्या शोधात दुपार घालवतो. पोस्टग्रेसची तऱ्हा थोडी वेगळी. यादीतल्या एकाही पत्त्यावर बसता आलं नाही, तर तोही सुरू होत नाही. पण यादीत लोकलहोस्टही असेल, तर तो लॉगमध्ये एक इशारा लिहून मुकाट्यानं सुरू होतो. ‘रिस्टार्ट नीट झाला की!’ म्हणून आपण खूश, आणि शाखा जिथल्या तिथं.

हा गैरसमज इतका चिवट का, याचं कारण सारख्या दिसणाऱ्या आकड्यांत आहे. ऐकण्याच्या ओळीत ०.०.०.० चा अर्थ ‘माझे स्वतःचे सगळे आयपी-व्ही-४ पत्ते’ असा होतो. पोस्टग्रेसच्या पीजी-एचबीए फाइलमध्ये ०.०.०.०/० लिहिलं, तर अर्थ होतो ‘जगातला कुठलाही आयपी-व्ही-४ क्लायंट’. दोन फाइली, दोन प्रश्न आणि दिसायला जवळजवळ तेच आकडे. लोक दोन्हींकडे एकाच नजरेनं पाहतात आणि मग दोन्ही ठिकाणी तेच डकवतात. पहिल्या ठिकाणी ते कधीकधी चालून जाईल. दुसऱ्या ठिकाणी आपण काय लिहितोय, याची जाणीव असलीच पाहिजे.

कुणाला आत घ्यायचं, ते पोस्टग्रेसमध्ये ठरतं या पीजी-एचबीए फाइलीत. तिथल्या एका ओळीत जोडणीचा प्रकार, डेटाबेस, युजर, क्लायंटचा पत्ता आणि ओळख पटवण्याची पद्धत असते. शाखेचा आयपी लिहायची जागा ही. समजा शाखेचा आयपी २०३.०.११३.२५ आहे, तर त्यापुढं /३२ लिहायचं. म्हणजे नेमका तोच एक पत्ता. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. तिथं पासवर्ड चुकला म्हणून सर्व्हर पुढची ओळ तपासायला जात नाही. त्यामुळं वर कुणी सगळ्यांसाठी ‘ट्रस्ट’ लिहून ठेवलं असेल, तर खाली कितीही कडक नियम लिहा, तो शोभेचा. आणि ‘ट्रस्ट’ म्हणजे पासवर्ड न विचारताच आत.

मायएसक्यूएलमध्ये हेच काम खात्याच्या नावातून होतं. तिथं खातं म्हणजे युजर आणि होस्ट यांची जोडी. एकाच नावाचं लोकलहोस्टवरचं खातं आणि टक्क्याच्या चिन्हाचं, म्हणजे कुठूनही येणारं खातं, ही दोन स्वतंत्र खाती असतात. दोघांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, अधिकारही वेगळे.

जोडणीचे तीन टप्पे, म्हणजे सर्व्हरचं ऐकणं, मधला रस्ता आणि आत घेण्याची परवानगी, मनात वेगळे ठेवले की एररचा संदेशच उत्तर सांगतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर निरोप मशीनपर्यंत पोचला, पण त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. क्वचित फायरवॉलनंही तसा स्पष्ट नकार दिलेला असतो. लिनक्सवर ‘एसएस -एलटीएन’ ही कमांड चालवा, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर ऐकलं जातंय ते दिसेल. बराच वेळ काहीच न होता ‘टाइमआउट’ आला, तर निरोप बहुधा वाटेत गिळला गेला: फायरवॉल, क्लाउडवरचा सिक्युरिटी ग्रुप किंवा राउटर. आणि पोस्टग्रेसनं ‘या होस्टसाठी पीजी-एचबीएमध्ये नोंद नाही’ म्हटलं, किंवा मायएसक्यूएलनं ११३० क्रमांकाची एरर दिली, तर नेटवर्क ठणठणीत आहे. खुद्द डेटाबेसच तुमच्याशी बोलतोय. अशा वेळी बाइंड-अ‍ॅड्रेसला हात लावणारा आणि ‘फायरवॉल बंद करून बघू’ म्हणणारा, दोघांनीही संदेश वाचलेला नसतो.

गैरसमज: पासवर्ड मजबूत आहे ना, मग पोर्ट उघडा राहिला तर बिघडलं कुठं?

वस्तुस्थिती: उघड्या पोर्टवर बाहेरच्याची गाठ पासवर्डशी पडण्याआधी सॉफ्टवेअरच्या कोडशी पडते. २०१२ साली मायएसक्यूएल आणि मारियाडीबीमध्ये सीव्हीई-२०१२-२१२२ हा दोष उघड झाला. काही बिल्डमध्ये चुकीचा पासवर्डही साधारण २५६ पैकी एका वेळेस बरोबर धरला जायचा. मग पासवर्ड ८ अक्षरी असो की ८० अक्षरी, काही शे प्रयत्नांत माणूस आत. पुढच्याच वर्षी पोस्टग्रेसमध्ये सीव्हीई-२०१३-१८९९ निघाला. डॅशनं सुरू होणारं डेटाबेसचं नाव देऊन जोडणी मागितली, की सर्व्हरच्या डेटा फोल्डरमधल्या फाइली बिघडवता येत होत्या. त्यासाठी पासवर्ड लागत नव्हता, पोर्टपर्यंत पोचणं पुरेसं होतं. दोन्ही दोष केव्हाच दुरुस्त झालेत. पुढचा दोष कोणता, हे मात्र तो सापडल्यावरच कळतं. पोर्ट निवडक पत्त्यांपुरता ठेवायचा तो यासाठी.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘आमचा एवढासा सर्व्हर कोण शोधणार?’ कुणाला शोधावा लागत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचं साधन तयार केलं. एका साध्या मशीनवरून, गिगाबिट जोडणीवर, ते सगळं आयपी-व्ही-४ इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत चाळतं.

‘पोस्टग्रेसचा ५४३२ बदलून दुसरा पोर्ट ठेवला की झालं.’ लॉगमधला कचरा कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. पोर्ट एकूण ६५,५३५, आणि चाळणारं यंत्र दमत नाही.

‘नवा डेटाबेस मुळात बंदच असतो.’ पोस्टग्रेस मूळ सेटिंगला लोकलहोस्टवरच ऐकतो, हे खरं. मायएसक्यूएलची स्वतःची मूळ किंमत मात्र ‘सगळे पत्ते’ अशी आहे. उबुंटूचं पॅकेज ती १२७.०.०.१ वर आणून ठेवतं. मोंगोडीबी सर्व प्रकारच्या इन्स्टॉलेशनमध्ये लोकलहोस्टवर आला तो २०१७ च्या ३.६ आवृत्तीपासून. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पासवर्डविना उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी पुसून तिथं खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या होत्या.

‘यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू आहे, डॉकरची काळजी नको.’ काळजी हवी. डॉकरनं प्रसिद्ध केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूचे नियम ओलांडून जातो, हे डॉकरच्याच माहितीपुस्तिकेत लिहिलंय. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहायची सवय लावा.

‘पासवर्ड आहे म्हणजे मजकूरही सुरक्षित.’ स्क्रॅम पद्धतीत पासवर्ड उघडा जात नाही, पण टीएलएस नसेल तर तुमच्या क्वेरी आणि त्यांची उत्तरं वाटेत वाचता येतात. पोस्टग्रेसच्या क्लायंटची मूळ एसएसएल पद्धत ‘प्रिफर’ आहे: जमलं तर गुप्त, नाही तर उघड.

‘काहीही बदललं की रिस्टार्ट मार.’ लिसन-अ‍ॅड्रेसेसला रिस्टार्ट लागतो. पीजी-एचबीएला रीलोड पुरतो. मायएसक्यूएलमध्ये ‘ग्रँट’नंतर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ची गरज नाही.

‘टेस्ट सर्व्हर आहे, चालतंय.’ त्यात खऱ्या ग्राहकांचा डेटा उतरवून घेतला असेल, तर तो टेस्ट सर्व्हर उरत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, डेटा जपण्यासाठी पुरेशी खबरदारी न घेण्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग शाखा जोडायची कशी? आधी पोर्ट उघडायची खरंच गरज आहे का, ते पाहा. शाखेचा ब्रॉडबँड आयपी दर थोड्या दिवसांनी बदलत असेल, तर एसएसएच टनेल किंवा व्हीपीएन हाच सरळ मार्ग. डेटाबेस लोकलहोस्टवर किंवा व्हीपीएनच्या खासगी पत्त्यावर ऐकत राहतो. पोर्ट उघडायचाच असेल, तर ऐकण्याच्या ओळीत सर्व्हरचा हवा तेवढाच पत्ता लिहा, पीजी-एचबीएमध्ये शाखेचा /३२ पत्ता, ‘होस्टएसएसएल’ हा जोडणीचा प्रकार आणि स्क्रॅम पद्धत ठेवा, फायरवॉलमध्येही तोच आयपी घाला. शाखेच्या सॉफ्टवेअरला सुपरयुजर देऊ नका, तेवढ्याच कामाचा वेगळा युजर द्या. शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहा. जोडलं गेलं, तर यांतली एखादी ओळ ढिली आहे. ती सापडेपर्यंत शाखेला ‘झालं’ असं कळवू नका.