कोयनेचा नकाशा, नावांसकट

नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पासाठी कोयना परिसरातल्या 235 गावांचा विकास आराखडा पुढे आला आणि पहिला प्रश्न मनात आला तो हा: या खोऱ्यातल्या ओढ्यांची, खिंडींची, पाणवठ्यांची नावं कुणी टिपून ठेवली आहेत का?

सर्व्हेयर लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासेत सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी, इंचाला मैल दाखवणारे जुने नकाशे, हा इतिहास पुस्तकांत आहे. 1964 मध्ये कोयना धरण पूर्ण झालं आणि नकाशावरचं खोरं निळं झालं. तेवढं सांगून मी माझ्या दशकाकडे येतो.

नव्वदीत बामणोलीहून लाँचने वासोटा किल्ल्याला निघताना हाती सर्व्हे ऑफ इंडियाची 47 जी/10 ही टोपोशीट हवी असायची. पण किनाऱ्यापासून 80 किलोमीटरच्या पट्ट्यातले नकाशे तेव्हा प्रतिबंधित होते. एका सरकारी कचेरीत आम्हा पोरांना चोरासारखं वागवून परत पाठवलं, तो राग अजून आहे. मग झेरॉक्सची झेरॉक्स वापरायची. तिच्यात तपकिरी समोच्च रेषा आणि कोरड्या ओढ्यांच्या काळ्या रेषा सारख्याच दिसत. रानात त्यामुळे वाट चुकायची.

मूळ शीट मात्र देखणी होती. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरला की पाणी सुमारे 659 मीटरवर येतं, म्हणजे जवळजवळ 660 च्या समोच्च रेषेवर. त्या रेषेवरून बोट फिरवलं की जलाशयाचा प्रत्येक फाटा कळायचा. मे महिन्यात पाणी उतरलं की त्या निळ्या रंगाखालचे शेताचे बांध उघडे पडत.

2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दार किलकिलं झालं, 2017 मध्ये नकाशे मोफत उतरवून घेता येऊ लागले, 2021 मध्ये बहुतेक बंधनं गेली. हे उत्तमच झालं. पण प्लेन टेबल घेऊन खलाशांसह, म्हणजे मोजणीतल्या मदतनिसांसह, पायी फिरणारा, गावकऱ्यांना विचारून नाव लिहिणारा सर्व्हेयर त्याआधीच मागे पडला होता. आकाशातून, झाडीवरून टिपलेल्या चित्रात ओढा दिसेल, त्याचं नाव दिसणार नाही. ती नावं जाणणारी माणसं आधी धरणाने, मग अभयारण्याने आणि व्याघ्र प्रकल्पाने रायगड-सोलापूरपर्यंत पांगली.

म्हणून मागणी एकच. आराखड्यावर शेवटची सही होण्याआधी प्रत्येक ग्रामसभेत 1:50,000 ची शीट पसरा, पुनर्वसित म्हाताऱ्यांनाही बोलवा आणि त्यांनी सांगितलेली नावं देवनागरीत त्यावर चढवा. हे काम याच पिढीत व्हायला हवं. पुढच्या पिढीत सांगणारं कुणी उरणार नाही.