बॅटऱ्या संपल्या, भावपत्रक चालूच

सॅन फ्रान्सिस्कोत मागणीनुसार पार्किंगचे भाव ठरवण्याचा जो प्रयोग झाला, त्यावरच्या लेखानंतर एका वाचकाने एक प्रश्न विचारला आहे. जागोजागी सेन्सर, ॲप, त्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचे सुमारे दोन कोटी डॉलर. हे सगळे आपल्या महापालिकांना कसे झेपायचे? याचे उत्तर त्याच शहरात आहे. ज्या सेन्सरांचे जगभर कौतुक झाले, ते तिथे २०१३ च्या अखेरीस बंद करण्यात आले. मागणीनुसार भाव ठरवण्याची पद्धत मात्र चालू राहिली, इतकेच नव्हे तर डिसेंबर २०१७ मध्ये मंजुरी मिळून ती शहरातल्या सगळ्या मीटरांना लागू झाली.

सेन्सर बंद का पडले, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक जागेखाली, डांबरात, एक चुंबकमापक पुरलेला होता. वर गाडीचे लोखंड आले की तिथले चुंबकीय क्षेत्र किंचित बदलते. त्या बदलावरून 'जागा भरली' असा संदेश जायचा. पण सॅन फ्रान्सिस्कोत ट्रॉलीबस आणि ट्राम डोक्यावरच्या विजेच्या तारांवर चालतात, आणि त्या तारांचा मापनात व्यत्यय येई. शिवाय डांबरात पुरलेल्या बॅटऱ्यांचे आयुष्य ठरलेले. त्या संपत आल्यावर शहरापुढे दोन वाटा होत्या: हजारो जागा पुन्हा उकरायच्या किंवा सेन्सरांशिवाय भागवायचे. शहराने दुसरी वाट धरली, आणि माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत शिकण्यासारखा निर्णय हाच.

सेन्सर नाहीत तर जागा किती भरल्या हे कळायचे कसे? मीटरमध्ये पैसे कधी पडले आणि किती वेळासाठी, याची नोंद होतेच. अडचण अशी की भरलेले पैसे आणि भरलेली जागा यांत फरक असतो. कॅलिफोर्नियात अपंगांसाठीचा परवाना गाडीत लावलेला असेल तर मीटरला पैसे द्यावे लागत नाहीत. काही जण पैसे न भरताच गाडी लावून जातात. काही जण तासाचे पैसे भरून वीस मिनिटांत निघतात. पण सेन्सर चालू होते तेव्हा दोन्ही आकडे हाताशी होते. त्या नोंदींवरून पैसे आणि प्रत्यक्ष गर्दी यांचे नाते मांडता आले, आणि पुढचा अंदाज नुसत्या पैशांच्या नोंदीवरून होऊ लागला.

यावर एक रास्त आक्षेप आहे: अंदाजावर भाव ठरवणे अन्यायाचे नाही का? इथे नियमाकडे बारकाईने पाहावे. भरलेल्या जागांचे सरासरी प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले तर तासाला २५ सेंट वाढ, ६० ते ८० मध्ये बदल नाही, त्याखाली कपात. पायरी लहान आहे आणि काही आठवड्यांनी फेरतपासणी ठरलेली आहे. अंदाज थोडा चुकला तरी पुढच्या फेरीत तो सावरता येतो. आणि हा नियम दोन्ही दिशांनी चालतो. दोन वर्षांच्या प्रयोगात मीटरचा सरासरी दर तासाला २.६९ डॉलरवरून २.५८ वर आला, म्हणजे कमी झाला. 'मागणीनुसार भाव म्हणजे भाववाढ' असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो, तो सरासरीवरच. आठ जागांचा एक पट्टा घ्या. पहिला अर्धा तास आठही भरलेल्या, पुढचा अर्धा तास चार. सरासरी निघते ७५ टक्के; नियमाप्रमाणे सारे ठीक. पण पहिल्या अर्ध्या तासात आलेल्या माणसाला तिथे एकही जागा मिळत नाही आणि तो चकरा मारत राहतो. सरासरीऐवजी 'तासातली किती मिनिटे पट्टा पूर्ण भरलेला होता' हे मोजणे अधिक खरे. मात्र त्यासाठीही डांबर उकरायला नको. प्रत्येक पैसे भरण्याची वेळ मिनिटासह नोंदलेली असली की तोच हिशेब, पैसे आणि प्रत्यक्ष गर्दी यांतल्या फरकाची दुरुस्ती करून, मांडता येतो.

म्हणून वाचकाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की खर्चाची भीती चुकीच्या जागी आहे. पुण्याच्या महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, प्रयोगापुरते पाच रस्ते ठरले आणि अंमलबजावणी रखडली. ती यंत्रांवाचून अडली नव्हती. विरोध होता तो पैसे घेण्यालाच. पे अँड पार्कच्या पावतीवर गाडी आल्याची आणि गेल्याची वेळ पडू लागली, आणि त्या नोंदी ठेकेदाराच्या वहीत न राहता महापालिकेकडे जमा झाल्या, तर एका रस्त्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन वेगळे दर ठरवण्याइतकी माहिती काही महिन्यांत हाती येईल. पावती न फाडता लावलेल्या गाड्या किती, हे मात्र माणसे पाठवून अधूनमधून प्रत्यक्ष मोजावे लागेल. आणि दर उतरवण्याची अटही ठरावातच लिहावी लागेल, कारण ती तोंडी राहिली तर दुपारच्या ओस रस्त्यावरही संध्याकाळचाच दर चालू राहील.