उसाचे बिल आणि दारातली मोटारसायकल



उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली, की पंधरा दिवसांत गावातल्या दोन-चार दारांपुढे नवी वाहने उभी राहतात. हार पडतो, नारळ फुटतो, गाडी तुळजापूरला दर्शनाला जाऊन येते. त्यात वाईट काही नाही. पण पुढे लागणीचा प्लॉट पाहायला त्याच घरी जावे, तर बेणे बदलायला पैसा नसतो आणि फुटका पाईप चिंध्यांनी बांधलेला असतो. तेव्हा मला माझीच गोष्ट आठवते. फारशी सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो.

साल २००२. कृषी पदविका पदरात पडली होती, नोकरी नव्हती. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबादच म्हणत. आमचा अडीच एकर ऊस. सोसायटीची कपात जाऊन वडिलांच्या हातात बावन्न हजार रुपये आले. त्या काळी टनाचा भाव हजाराच्या आतच होता, म्हणजे हे पैसे किती उसाचे ते तुम्हीच पाहा. अण्णांनी ते पाईपलाईनसाठी धरून ठेवले होते. ओढ्याकाठच्या विहिरीला पाणी बरे, पण ऊस वरच्या रानात. मधला नऊशे फूट मातीचा पाट निम्मे पाणी पिऊन टाकायचा.

आदल्याच वर्षी, २००१ ला, पल्सर गाडी बाजारात आली होती. मी ती शहरात एकदा पाहिली आणि डोक्यात बसली. घरी सांगितले, गाडी असली तर बियाणे कंपनीत फिरतीची नोकरी मिळेल. नोकरीचा कुठे पत्ता नव्हता. अण्णा एवढेच म्हणाले, "गाडी काय पळून चालली व्हय? पाणी मात्र पळून चाललंय बघ." मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी आईने पैसे काढून माझ्यापुढे ठेवले.

गाडी सुंदर होती, खोटे कशाला बोलू! पहिले चार महिने जमिनीवर पाय नव्हता. मग पाऊस मागे पडला. २००३ च्या उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या विहिरीत तासभर मोटर चाले, तेवढेच पाणी. पाटाने सोडले, की वरच्या रानापर्यंत चिखलच पोचे. त्यातच २००२ साली राज्यात शिरलेला लोकरी मावा आमच्या शिवारात उतरला. पानाच्या खालून पांढरी लोकर, वरून काळी बुरशी. निम्मा ऊस वैरण म्हणून तोडला. अण्णा पहाटे पाट धरायला जात आणि मी मळ्यात गाडीवरून जाई, हे आजही नको वाटते. त्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरे झाले असते.

२००५ साली गाडी एकवीस हजाराला गेली. पाईपलाईन झाली २००७ ला, तीही माझ्या पगारातून हप्त्याने. एवढ्या वर्षांत पाईपांचा भाव कुठल्या कुठे गेला होता.

आमच्या आधीची पिढी शहाणी होती असे मी म्हणणार नाही. १९७३ साली 'बॉबी' चित्रपटात राजदूत गाडी दिसली, तेव्हा आपल्याकडचेही पुष्कळ तरुण बापाच्या मागे लागले होते, हे जुने सभासद हसत सांगतात. फरक एवढाच, की बजाज स्कूटरसाठी तेव्हा अनामत भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. तोवर पोरगे संसाराला लागे आणि हौस आपोआप थंड पडे. आज आधार कार्ड दाखवले, की तासाभरात कर्ज मंजूर, गाडी दारात. थांबायला कोणी लावतच नाही.

उसाच्या पैशाची चालही वेगळी. दुधाचे बिल दहा दिवसाला येते, माणूस हिशोबात राहतो. उसाचे वर्षाकाठी दोन-तीन हप्त्यांत एकदम येते, आणि एकदम आलेला पैसा हातात खाजतो.

खाजणे गाडीपुरतेच असते असेही नाही. परवा एका तरुण सभासदाच्या कोठ्यात टॉनिकच्या चौदा बाटल्या मोजल्या. विक्रेता बांधावर आला, मोबाईलवर जाडजूड उसाचे फोटो दाखवले, की झाले. त्याच प्लॉटला पालाश मुळीच दिलेले नव्हते! सुरू उसाची शिफारस एकरी १०० किलो नत्र, ४६ किलो स्फुरद, ४६ किलो पालाश. नत्राचेही चार हप्ते: लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस. हे चुकले तर बाटली काय करणार? पोराला रागावलो नाही. मला कोणत्या तोंडाने रागावता येईल?

गेल्या महिन्यात दुसरा एक जण जुना ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून सल्ल्याला आला. रान चार एकर. बांधावर बसून कागदावर मांडले. नांगरट, रोटा, सरी, बांधणी सगळे धरून वर्षाचे काम पन्नास तासांवर जाईना. मी म्हणालो, बाबा, एवढे काम भाड्याने होते, त्या पैशात दोन एकर ठिबक कर. पाटापेक्षा चाळीस-पन्नास टक्के पाणी वाचेल. तो म्हणाला, "साहेब, हिशोब पटतो. पण चुलत भावाच्या दारात उभा हाय ना ट्रॅक्टर."

त्याचे अजून ठरलेले नाही. ट्रॅक्टरवाल्याचा आठवड्यातून दोनदा फोन येतो म्हणे. मीही त्याला दर सोमवारी गट कार्यालयात चहाला बोलावतो.