समाजमंदिरातील नाद आणि त्याचा हिशेब

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याचे चैत्यगृह ज्या कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी कोरले, त्यांच्या काळी निनादाचे गणित अस्तित्वात नव्हते. तथापि उघडा कातळ ध्वनी जवळजवळ शोषीतच नसल्यामुळे अशा वास्तूत संथ पठणाला गांभीर्य लाभते आणि द्रुत तानेचे स्वर मात्र एकमेकांत मिसळून जातात, हा भेद सृष्टिनियमानेच घडतो.

त्या नियमाचे सूत्र वॉलेस सॅबाइन या हार्वर्डच्या तरुण अध्यापकाने शोधले. ज्या व्याख्यानगृहात प्रत्येक शब्दामागे साडेपाच सेकंद निनाद रेंगाळत असे, तेथे १८९५ पासून रात्री शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून, ऑर्गनच्या नळीचा नाद किती वेळ टिकतो हे घड्याळावर मोजीत त्याने सिद्ध केले, की निनादाचा काल घनफळाबरोबर वाढतो आणि शोषणाबरोबर घटतो; शोषणाचे माप म्हणून त्याने उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही. पुढे १९६७ च्या सुमारास हॅरोल्ड मार्शल यांनी बाजूच्या भिंतींवरून चटकन परतणाऱ्या ध्वनीचे महत्त्व दाखविले, आणि आता तर वास्तू उभी राहण्यापूर्वीच तिचा नाद संगणकावर ऐकता येतो. मुंबईत १९८० साली खुले झालेले टाटा थिएटर फिलिप जॉन्सन यांनी रचले व त्याची ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांनी केली. ध्वनिवर्धकावाचून गायन सुमारे हजार श्रोत्यांपर्यंत पोहोचावे, हा त्यामागील हेतू. पाश्चात्य वाद्यवृंदाला मानवणारा दोन सेकंदांचा निनाद आपल्या तानांना व तबल्याच्या बोलांना झाकोळतो, हे विसरून चालत नाही.

कर्जत-खालापुरातील एखादे समाजमंदिर १२ मीटर लांब, ८ रुंद व ५ उंच धरले आणि त्याला सर्वत्र फरशी, गिलावा व स्लॅब असला, तर सॅबाइनच्या सूत्राने रिकाम्या दालनातील निनाद सहा सेकंदांपलीकडे जातो, आणि शंभर श्रोते दाटीने बसले की तोच दीड सेकंदांवर उतरतो. परंतु चातुर्मासातील रोजच्या भजनाला दहा-वीसच माणसे जमतात, आणि या मुलुखातला पाऊस खिडक्या उघडू देत नाही. मग पखवाजाचे बोल टाळांच्या गजरात हरवतात, आणि ध्वनिवर्धक चढविला तर निनादही तितकाच चढून अभंगाचा शब्द अस्पष्टच राहतो.

म्हणून ज्या ग्रामपंचायती नव्या समाजमंदिराची तजवीज करीत असतील त्यांना आग्रहाची विनंती, की अंदाजपत्रकात ध्वनिवर्धकाची रक्कम मांडण्यापूर्वी छताखालच्या सच्छिद्र तक्त्यांचा, जाड पडद्यांचा व सतरंज्यांचा खर्च मांडावा, आणि ठराव मंजूर होण्याआधी सभासदांनी परिसरातील एखाद्या तयार, रिकाम्या दालनात टाळी वाजवून तिचा नाद किती वेळ टिकतो हे स्वतः ऐकावे.