जीपमधला फ्रीज आणि डोंगरातली लस

मे महिन्यातली गोष्ट. धडगावपासून बरंच आत, सातपुड्यातल्या एका पाड्यावर घटसर्पाच्या लसीकरणासाठी मुक्काम पडला होता. जीपमध्ये नवाकोरा बारा व्होल्टचा फ्रीज, त्यात लशीच्या बाटल्या. सकाळी साडेपाचलाच आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक गुरं घेऊन आले. आणि ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, सेल्फ उचलत नाही."

फ्रीजने रातभर बॅटरी ओढली आणि पहाटे कधीतरी तो स्वतःही बंद पडला. आतल्या थर्मामीटरवर १९ अंश! लस टाकून द्यावी लागली. उतार होता म्हणून गाडी ढकलून चालू झाली; पण चार-पाच कोस चालून आलेल्या माणसांना "पुन्हा या" असे सांगताना तोंड लपवायला जागा उरली नाही. पुढच्या खेपेला त्यातली निम्मीच गुरं आली.

चूक फ्रीजची नव्हती, जोडणीची होती. आता अशा जीपगाड्या बऱ्याच ठिकाणी सजवल्या जात आहेत. काही शेळी-मेंढीपालकही स्वखर्चाने हा उद्योग करतात. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत या लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. उन्हाने त्या बिघडतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण गोठल्या तरी त्या वाया जातात हे पुष्कळांना माहीत नसते. बर्फाच्या पेटीत बाटली थेट बर्फाला टेकली की तेच होते. आणि वरून पाहून काही कळत नाही. टोचणारा टोचतो, शेतकरी निर्धास्त होतो, पहिल्या पावसात जनावर घशाला सूज येऊन मरते. मग बोल लावला जातो लशीला.

गाडीत लावायचा फ्रीज कॉम्प्रेसरचाच पाहिजे. बाजारात स्वस्तातली एक 'कूलर पेटी' मिळते, तिच्यात कॉम्प्रेसर नसतो. ती बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच थंड करते. खानदेशात पारा ४४ वर गेला म्हणजे आत २५-२६. लस तर सोडाच, दूधसुद्धा टिकायचे नाही. उलट कॉम्प्रेसरचा फ्रीज उणे १८ पर्यंत जातो, म्हणून बटणाला पोराबाळांचा हात लागू देऊ नये. ५ अंशांवर लावून आत वेगळा थर्मामीटर ठेवावा.

आता बॅटरी. गाडीची मूळ बॅटरी सेल्फ मारण्यासाठी असते. क्षणभर भरपूर करंट द्यायचा आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचा, एवढेच तिचे काम. तिला दोन-चारदा तळापर्यंत रिकामी केली की ती कायमची गळते. फ्रीज चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो, मधूनमधून थांबतो. उन्हाळ्यात दिवस-रात्रीत चाळीस-पन्नास अँपिअर-तास सहज जातात. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये असा नियम. म्हणजे एका बॅटरीवर एक दिवस, जास्त नाही.

तेव्हा दुसरी बॅटरी स्वतंत्र हवी, आणि दोहोंच्या मध्ये रिले. इंजिन चालू झाले, व्होल्टेज वर गेले की रिले दोघींना जोडतो. इंजिन बंद झाल्यावर तोडतो. फ्रीज दुसरीवर चालतो, सेल्फची बॅटरी भरलेली राहते. नव्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींत अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिथे साधा रिले फसतो, डीसी टू डीसी चार्जर लावावा लागतो. मेकॅनिकला हे आधी विचारून घ्या.

वायर जाड घ्या. दोन बॅटऱ्यांमध्ये १६ चौरस मिलिमीटरची, फ्रीजला ४ ची. घरातल्या दिव्याची बारीक वायर मागपर्यंत ओढली तर वाटेतच व्होल्टेज गळते आणि बॅटरी भरलेली असताना फ्रीज बंद पडतो. बॅटऱ्यांमधल्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज पाहिजेच. खडबडीत रस्त्यावर वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूजवाचून गाडी पेटते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उचलून मागच्या सीटखाली ठेवणारेही पाहिले. तिचा वायू आणि ॲसिड बंद गाडीत नको. लिथियमची हलकी असते, शंभर अँपिअर-तासांची साधारण बारा किलो. पैसे मात्र जास्त.

टपावर शंभर वॅटचा सोलर पत्रा असला तर लख्ख उन्हात दिवसाला तीसेक अँपिअर-तास मिळतात. मुक्कामी गाडी उभी असते तेव्हा याचाच आधार. तासभर गाडी फिरवून रिकामी बॅटरी भरते, हा भ्रम सोडावा. आणि फ्रीजवर बॅटरी-रक्षणाचे एक बटण असते. आमच्या गाडीत ते 'लो'वर होते, म्हणजे बॅटरी पार पिळून निघेपर्यंत फ्रीज चालणार! मूळ बॅटरीवर फ्रीज लावायची वेळ आलीच तर ते 'हाय'वर हवे.

बाकी सामान थोडके: ताडपत्री, मच्छरदाणी, सतरंजी, पाण्याचे दोन कॅन, फावडे, ओढायचा दोर, आणि जॅकखाली ठेवायला लाकडी फळी. सगळे नटबोल्ट किंवा पट्ट्याने काढता येईल असे बसवा. गाडीचा मूळ साचाच बदलला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकाल.

आमच्या जीपला आता दुसरी बॅटरी आहे. झोपण्यापूर्वी ड्रायव्हर मीटर लावून बघतो. फ्रीज क्षणभर थांबवून १२.२ च्या खाली आकडा दिसला की उजाडायच्या आत इंजिन चालू करतो. त्या पाड्यावर येत्या लसीकरणाला पुन्हा जायचे आहे. न आलेल्यांच्या घरी आधी जाऊन यावे लागेल.