लहानग्यांच्या सर्जन : डॉ. स्नेहलता देशमुख

डॉ. स्नेहलता देशमुख यांचं जुलै २०२४ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी निधन झालं. वर्तमानपत्रांत बातमी आली ती मुंबई विद्यापीठाच्या माजी कुलगुरू म्हणून. १९९५ ते २००० या काळात त्या कुलगुरू होत्या, आणि विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर, पदवीच्या कागदावर आईचं नाव आणलं ते त्यांनीच. आम्हा शिक्षकांना त्या माहीत आहेत त्या याच कारणाने. पण कुलगुरू होण्याआधीची कितीतरी वर्षं त्यांच्या हातात सुरी-कात्री होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या लहान मुलांच्या सर्जन होत्या. पुढे लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या, म्हणजे लोक ज्याला सायन हॉस्पिटल म्हणतात त्याच्या, डीन झाल्या.

बालरोगतज्ज्ञ आपल्याला ठाऊक असतात. ताप-खोकल्याला, लसीला आपण त्यांच्याकडेच जातो. लहान मुलांचे सर्जन वेगळे. जन्मतःच शरीराच्या बांधणीत काही कमी-जास्त राहिलं असेल तर ते दुरुस्त करणं हे त्यांचं काम. मोठ्यांचं ऑपरेशन करणारा डॉक्टर हेही करेल, असं वाटतं खरं, पण तसं नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच असतं साधारण २४० मिलीलिटर, म्हणजे एक पेलाभर. मोठ्या माणसाच्या ऑपरेशनमध्ये जेवढं रक्त सहज जातं तेवढ्यात या बाळाचा जीव जाऊ शकतो. त्याचं अंग पटकन गार पडतं. भूल किती द्यायची, सलाईन किती चढवायचं, सगळं थेंबाथेंबाच्या हिशोबाने.

काही बाळांची अन्ननलिका मध्येच बंद असते आणि खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असतो. अशी बाळं पूर्वी वाचतच नसत. ती नलिका एकाच ऑपरेशनमध्ये यशस्वीपणे जोडली गेली १९४१ साली, अमेरिकेत मिशिगनमध्ये, डॉ. कॅमेरॉन हाइट यांच्या हातून. म्हणजे ही विद्या आपल्या आजी-नानींच्या हयातीतली आहे. मुंबईत परळला केईएमच्या शेजारी लहान मुलांसाठीचं वाडिया रुग्णालय १९२९ पासून उभं आहे. तरीही जन्मतः दोष असलेलं बाळ म्हणजे 'नशीब' अशीच समजूत खेड्यापाड्यांत राहिली, आणि अजून पुरती गेलेली नाही.

या कामात पेशंट बोलत नाही. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, काही सांगत नाही. बोलते ती आई. दूध पाजताना बाळाच्या तोंडातून फेस येतो, बाळ निळं पडतं, हे पहिल्यांदा तिलाच दिसतं. चोवीस तास झाले तरी बाळाने शी केली नाही, हे तिलाच माहीत. शीची जागाच बंद आहे हेही कधीकधी दुपटं बदलताना तिच्याच लक्षात येतं. आयुष्यभर आयांचं ऐकत आलेल्या डॉक्टरला विद्यापीठाच्या कागदावर आईचं नाव नाही ही गोष्ट खटकावी, यात मला नवल वाटत नाही. हा माझा अंदाज, पण त्या दोन कामांत मला तरी नातं दिसतं.

दोंडाईच्यात मी पाहते ते असं, की आईला दिसतं, पण घरात तिचं ऐकायला वेळ लागतो. दादी म्हणते, "मोठा होईल तसं ठीक होईल." कोणी नजर उतरवतं, कोणी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतं. आणि इकडे दिवस मोजून असतात. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही गेली नाही आणि शी पांढुरकी, मातकट होत असेल, तर पित्ताचा मार्ग बंद असू शकतो. त्यावरचं ऑपरेशन साधारण साठ दिवसांच्या आत झालं तर फायद्याची शक्यता जास्त. पुढे लिव्हर खराब होत जातं. आणि नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच निघावं. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि मग प्रश्न तासांचा असतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला थोडा संकोच वाटतो, पण आपल्या घरांत ते बोललं जात नाही म्हणूनच लिहिते. काही मुलग्यांना जन्मतः लघवीचं छिद्र टोकाला नसतं, खालच्या बाजूला असतं. डॉक्टर त्याला हायपोस्पेडियास म्हणतात. हे काही फार दुर्मिळ नाही. दोन-तीनशे मुलग्यांत एखाद्याला असतं. अशा मुलाची पुढची कातडी बहुधा वरच्या बाजूलाच असते, खालून नसते. त्यामुळे तो जणू अर्धं खतना होऊनच जन्मला असं दिसतं. घरातले खूश होतात, "पैदाइशी खतना आहे" म्हणून मिठाई वाटतात. किंवा मग उरलेली कातडी हजामाकडून काढून घेतात.

नेमकं तेच करायचं नसतं. दुरुस्तीच्या ऑपरेशनमध्ये लघवीचा मार्ग पुढे आणायला सर्जनला तीच कातडी लागते. ती कापून टाकली तर पुढचं काम अवघड होतं, कधी तोंडाच्या आतली त्वचा घेऊन मार्ग तयार करावा लागतो. हे ऑपरेशन साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात, आणि पुढची कातडी त्यातच वापरली जात असल्याने बहुतेक वेळा खतन्याचंही काम होऊन जातं. म्हणून खतन्याआधी बाळ एकदा डॉक्टरांना दाखवावं. घराण्यात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर तेही तेव्हाच सांगावं.

यात दीनच्या आड येणारं काही नाही. खतना अमुक दिवशीच झालं पाहिजे असं बंधन नाही. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारावं. आणि हे आपल्याला परकंही नाही. कॉर्डोव्याचे अबुल कासिम अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताबुत तसरीफ' लिहिली. तिच्या शल्यविद्येच्या भागात मुलांच्या खतन्यावर प्रकरण आहे. ज्या मुलग्यांचं लघवीचं छिद्र बंद आहे, अरुंद आहे किंवा जागेवर नाही, त्यांच्यावरही वेगळं लिहिलेलं आहे. मदरशात त्यांचं नाव अभिमानाने सांगितलं जातं, ते प्रकरण मात्र कोणी सांगत नाही.

उशीर झाला की काय होतं ते मी शाळेत पाहिलं आहे. दुसरीतला एक मुलगा सुट्टीत मुलांबरोबर लघवीला जायचा नाही. दिवसभर पाणी पीत नसे, वर्ग रिकामा झाला की एकटा जाई. त्याला उभं राहून लघवी करता येत नव्हती, कपडे ओले व्हायचे. मुलं चिडवायची. आईला जन्मापासून माहीत होतं, तिने सांगितलंही होतं, पण "ही काय बोलायची गोष्ट आहे?" म्हणून तिला गप्प केलं गेलं. खतना तर कधीच उरकलं होतं. ऑपरेशन पुढे झालं, दोन टप्प्यांत, आणि त्याची जवळपास एक इयत्ता त्यात गेली.

असंच गोटी खाली न उतरण्याचं. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहता येते, त्यानंतर नाही. वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हावं. जांघेत रडताना फुगणारी गाठ हर्निया असू शकते. ती मुलींनाही होते, आणि मुलींची तर आपण आणखीच लपवतो. ती गाठ कडक झाली, आत जाईना, बाळ सारखं रडू लागलं, तर ताबडतोब दवाखाना.

खर्चाचं म्हणाल तर 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजने'च्या यादीत लहान मुलांच्या सर्जरीचा वेगळा विभाग आहे. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, कागद तोच बघतो. शिवाय २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. आमच्याकडे पथक येतं त्या दिवशी काही आया मुलांना घरी ठेवतात, इंजेक्शन देतील म्हणून. इंजेक्शन नसतं, तपासणी असते. फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचा दोष त्यात सापडतो आणि पुढची चिठ्ठी मिळते. पण लघवीच्या जागेबद्दल आईने आपणहून सांगितलं नाही, तर गर्दीत ते राहून जाऊ शकतं.

धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जाताना रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर असू द्या. पुढे मुंबईला पाठवलं तर धुळ्याचे सगळे कागद जपून न्या, गाडी दोंडाईच्याहून सुरतमार्गे आहेच. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदावर बाळाच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग वडिलांचं. आणि डॉक्टरांसमोर बसताना वडील, चाचा, दादी कोणीही सोबत असोत, पहिल्यांदा बोलू द्या ते आईला.