सहल सर्वांची, की फक्त मुलांची?

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, शाळेचे वेळापत्रक मात्र जागचे हलत नाही. २०२५ मध्ये ईदुल फित्र ३१ मार्चला आली, नेमकी परीक्षेच्या दिवसांत. अशा वेळी आपण मुलांना काय सांगतो? ‘आता अभ्यास करा, ईदची सहल दिवाळीच्या सुट्टीत!’ आमच्या मुलांनी ते ऐकले आणि मिळालेली ईदी डब्यात टाकली. तो डबा आमच्यासाठी वचनासारखा झाला.

त्याआधीच्या दिवाळीत आम्ही असेच एका मोठ्या उद्यानात गेलो होतो, पण कोणतेही नियोजन न करता. भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी गेल्यामुळे रांगा संपेनात. धाकट्याला उंची कमी म्हणून रोलर कोस्टरच्या दारातून परत पाठवले, तो रडत बसला. अस्रची नमाज कशीबशी वेळेत पदरात पडली. आणि आमच्या अम्मी? त्या पाच तास एका बाकावर बसून होत्या. घरी आल्यावर त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “तुम्ही फिरायला गेला होतात, मी पिशव्यांची राखण करायला.”

हे वाक्य आम्हा दोघांना फार लागले. म्हणून या वेळी सहलीची आखणी अम्मींपासून सुरू केली.

ठिकाण आणि दिवस

आम्ही महाडचे. खोपोली-पाली रस्त्यावरील इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. वाकण, पाली मार्गे तेथे एका दिवसात जाऊन येता येते. रात्रीचा मुक्काम टळला की खर्च बराच कमी होतो आणि वृद्धांची झोपमोडही होत नाही. भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार टाळून आम्ही मंगळवार निवडला. शुक्रवार तर जुम्यासाठी सोडलाच. आमचे नेहमीचे गाडीवाले काका दिवाळी साजरी करतात. त्यांच्या सणात त्यांना घराबाहेर काढायचे नाही, हेही ठरवूनच तारीख घेतली.

पैसे

तिकीट म्हणजे निम्माच खर्च, हे मागच्या वेळी शिकलो. गाडी, पार्किंग, लॉकर, जेवण, पाण्यात घालायचे कपडे असे सगळे कागदावर मांडा. वॉटर पार्कचे तिकीट वेगळे असते, म्हणून एका दिवसात दोन्हींचा हट्ट धरू नका. खेळणी आणि आइस्क्रीम यांसाठी प्रत्येक मुलाच्या हाती ठरावीक रक्कम द्या. आमच्या थोरलीने तर ईदीतले निम्मे पैसे परत आणले!

नमाज, जेवण, कपडे

नोव्हेंबरात आपल्याकडे जुहर साडेबाराच्या सुमारास सुरू होते आणि मगरिब सहाच्या आसपास येते. दिवस लहान असतो, म्हणून मोठ्या रांगा सकाळी उरका. जुहर जेवणाआधी पढा आणि अस्रसाठी सर्वांनी एका ठरलेल्या जागी जमा. पिशवीत दोन पातळ जानमाज असू द्या. नमाजसाठी जागा आहे का, हे आधी फोन करून विचारा.

बाहेरचे खाणे बहुतेक उद्यानांत आत नेता येत नाही. आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि अंड्याचा पोळा गाडीतच खाल्ला. आत मांसाहार हलाल असल्याची खात्री होईना, म्हणून सरळ शाकाहारी थाळी घेतली.

वॉटर पार्कला जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी सुती कपडे पाण्यात चालत नाहीत. पूर्ण अंगाचा नायलॉनचा पोशाख आणि डोक्यावरची टोपी चालते का, तेही आधीच विचारा. पाळण्यांवर मोकळी ओढणी धोक्याची असते. घट्ट बसणारा स्कार्फ बरा.

लहान आणि मोठे

निघण्याआधी भिंतीला पाठ लावून मुलांची उंची मोजा आणि कोणत्या पाळण्यावर बसता येईल हे घरीच सांगा. धाकट्याला आधीच माहीत होते, त्यामुळे या वेळी तो रडला नाही. “पुढच्या वर्षी बसेन,” म्हणाला.

अम्मींसाठी व्हीलचेअर मिळेल का, सावलीत बसून काय पाहता येईल, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घेतले. त्यांच्यासोबत आम्हा दोघांपैकी एकजण आळीपाळीने राहिला. पिशव्या लॉकरमध्ये ठेवल्या.

दुपारी धाकट्याने दादीचा हात धरून त्यांना लहान मुलांच्या गोल पाळण्याकडे ओढत नेले. अम्मी आधी लाजल्या, मग बसल्या. उतरल्यावर पदर सावरत म्हणाल्या, “पुढच्या ईदीला माझेही पैसे डब्यात टाका.”

डबा आता पुन्हा फडताळात आहे. या वेळी त्यात अम्मींचेही पैसे आहेत.